जॅकवरचं दार

नव्वदच्या दशकात गाड्यांची नवी शोरूम उघडायला लागली आणि बाबांचं डोकं फिरलं. रोज संध्याकाळी गुळगुळीत कागदावरची नवी गाडी ते आईला दाखवायचे. बेत ठरलेला: आमची जुनी गाडी मोडीत जाईल आणि नवी फक्त तेच चालवतील. म्हणजे आमच्या मास्तरीण आईने पुन्हा बसला लोंबकळत दिलसुखनगरच्या शाळेत जायचं. वा रे न्याय! ती जुन्या गाडीवरच चालवायला शिकली होती. बाबा मात्र तिच्या शेजारी कधी म्हणून बसले नाहीत. कुठे जायचं झालं की स्कूटर घेऊन मागून यायचे.

त्यात एकदा पंक्चर झालं. चाक बदलायला जॅक लावला, तर आईच्या बाजूचं दार काही केल्या उघडेना. बाबांना आयतंच निमित्त मिळालं. म्हणाले, जॅकवर हे दार नीट उघडलं आणि लागलं, तरच गाडी ठेवू.

आईने गाडी मलकपेठच्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. मीही गेले. त्यांनी दाराखालच्या पट्टीवर हातोडी टेकवली मात्र, ती आरपार गेली. आतून गंज आणि पुट्टी भसाभसा खाली पडली. ती पुट्टी बाबांनीच मोठ्या हौसेने भरून वर रंग मारला होता. मी हसू दाबलं, आईने दाबलं नाही.

"अम्मा, इसमें चासी अलग नक्को ढूंढो," मिस्त्री म्हणाले. "बॉडीइच चासी है."

खाली वेगळा सांगाडा नाहीच, सगळा भार त्या पत्र्यावर. तो सडला, म्हणून जॅकवर गाडी वाकून दार अडकत होतं. कापण्याआधी त्यांनी दाराच्या चौकटीत आडवी सळई जोडली, नाहीतर गाडी मधूनच वाकते म्हणे. मग सडकं काढून जाड पत्र्याची पोकळ पेटी बसवली, थोडं थोडं वेल्डिंग करत, दर वेळी दार लावून बघत. शाळा सुटली की आई तिथे जाऊन बसायची. मला फार धास्ती वाटायची, कारण हरली असती तर ती एक शब्द बोलली नसती.

रविवारी बाबांनी स्वतः जॅक लावला, जरा जास्तच वर. दार उघडलं. एका बोटाने ढकललं, तर खट्कन लागलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बघायचं काही कारण नव्हतं, तरी बघितलं.

मग जॅक उतरवून त्यांनी हात पुसले, वळसा घालून डावीकडे गेले आणि आत बसले.

"चल," आईला म्हणाले, "अफझलगंजपर्यंत नेऊन आण मला."

स्कूटर त्या दिवशी अंगणातच राहिली.