अर्धं सूत कमी

फाउंड्रीच्या पॅटर्नशॉपमध्ये त्याने चौतीस वर्षं लाकडाचे नमुने केले. जो भाग लोखंडात किंवा पितळेत ओतायचा, तो आधी लाकडात करायचा, वाळूत त्याचा ठसा घ्यायचा आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा, असं ते काम. धातू थंड होताना आकसतो, म्हणून नमुना जरा मोठाच करावा लागतो. त्यासाठी त्याच्याकडे एक खास पट्टी होती. तिच्यावरचा इंच बाजारातल्या इंचापेक्षा किंचित मोठा. साधी पट्टी तर कायम खिशातच. कोणी काहीही दाखवलं की हा पट्टी लावून म्हणणार, "सूतभर जास्त आहे," नाहीतर "सूतभर कमी आहे." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मोठ्या साहेबांनी नवीन टेबल आणलं तेव्हा यानं चार माणसांसमोर त्यालाही पट्टी लावली. त्या दिवसापासून त्याचं नाव सूतभर पडलं आणि खरं नाव पगारपत्रकात उरलं.

सुऱ्यांचा नाद त्याला तिथेच लागला. वितळवायला भंगार यायचं, त्यात एकदा एक पितळी मूठ दिसली. चार बोटं घालायला चार कड्या, मागे टोकदार नट, पुढे काळं पडलेलं दुधारी पातं. पहिल्या महायुद्धातला, खंदकात लढणाऱ्यांचा सुरा. बंदूक फिरवायला जागा नसेल तिथे वापरायचा. भट्टीवाल्याने फावड्यात घेतलेला तो त्याने काढून घेतला आणि बदल्यात तेवढ्याच वजनाचा नळ टाकला. पुढे जुन्या बाजारात, भंगारवाल्यांकडे, कुणाच्या माळ्यावर असे आणखी आठ मिळाले. एक तर कुंपणाचा खांब वाकवून आघाडीमागच्या लोहाराने केलेला नुसता खिळाच होता. दुसऱ्या महायुद्धातलेही दोन होते, पण ते त्याला फार नीटनेटके वाटायचे.

मारामारीची आवड म्हणाल तर शून्य. कोंबडी कापताना दिसली तरी हा रस्ता ओलांडणार. पण त्या कड्यांत बोटं घातली की आतली झीज लागायची. कुणाच्या तरी बोटांनी ती जागा गुळगुळीत केलेली होती आणि तो माणूस बिचारा कुठल्या चिखलात राहिला कोण जाणे. ही गोष्ट त्याला रोज नवी वाटायची.

बायको होती तोवर सुरे मागच्या खोलीत. "घरात सुरे टांगतं का कुणी?" ती म्हणायची आणि त्या खोलीचा केरसुद्धा काढायची नाही. ती गेल्यावर त्याने ते बाहेरच्या खोलीत आणले. मोठी फळी हिरव्या रंगाने रंगवली, प्रत्येक सुऱ्याची कड पांढऱ्या रंगाने आखली आणि त्या आखणीत तो तो सुरा टांगला. कारखान्यात हत्यारं अशीच टांगतात, एखादं जागेवर नसलं की लगेच डोळ्यांत भरतं. फळी सुरेख झाली. बघायला मात्र कुणी नव्हतं. मूलबाळ नाही, घर चौथ्या मजल्यावर, जिना अरुंद. आणि एकटा माणूस, भिंतीवर नऊ सुरे म्हटल्यावर शेजारी साखर मागायलाही येईनात. दूधवाल्याशी चार शब्द होत, तेही हिशेबी. एकटेपणाचीही सवय होते म्हणतात. म्हणणाऱ्यांनी एकदा राहून बघावं.

मग चष्मेवाला आला. कोपऱ्यावर त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. सूतभर नवीन चष्मा घ्यायला गेला तेव्हा फ्रेमचे स्क्रू तपासता तपासता सुऱ्यांचा विषय निघाला होता आणि दोघं तासभर बोलले होते. पुढच्याच रविवारी सकाळी दहाला चष्मेवाला वर्तमानपत्रात काहीतरी गुंडाळून चार मजले चढून आला. धापा टाकत म्हणाला, "मिस्त्री, जुन्या बाजारात मिळाला. बघा बरं, खरा आहे का?"

पितळी मूठ, चार कड्या, मागे नट. सूतभरने हातात घेतला आणि त्याला कळलं. गंज रंग दिल्यासारखा एकसारखा होता. खरा गंज मनाला येईल तिथे चढतो. तरी त्याने पट्टी लावली. मूठ अर्धं सूत कमी भरली. खऱ्या मुठीचा ठसा घेऊन कुणीतरी पितळ ओतलं होतं आणि ते थंड होताना आकसलं होतं. जगात ही चूक ओळखायला याच्याहून लायक माणूस शोधून सापडला नसता.

त्याने बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात चष्मेवाला कपाळ पुसत खुर्चीत बसला. ती बायकोची खुर्ची. तीन वर्षांत तिच्यात कुणी बसलं नव्हतं.

"खरा आहे," सूतभर म्हणाला आणि चहा टाकायला आत गेला.

त्यानंतर सात वर्षं एकही रविवार चुकला नाही. एका खोट्याला बळ आलं की त्याचा गोतावळा वाढतो. चष्मेवाल्याने त्याच विक्रेत्याकडून आणखी दहा सुरे घेतले आणि दहाच्या दहा नकली. दर वेळी तो वर्तमानपत्र सोडायचा, दर वेळी हा पट्टी लावायचा आणि म्हणायचा, "बरोबर आहे." मग चहा आणि एक वाजेपर्यंत गप्पा. गुडघे, गिऱ्हाइकं, बायका, दोघांच्याही गेलेल्या. सूतभरला वाटायचं, आज सांगावं. मग वाटायचं, सांगितलं तर हा पुढच्या रविवारी कशाला येईल? आणि पुढचा रविवार यायचा.

या वर्षी दोन रविवार चष्मेवाला आला नाही. तिसऱ्या रविवारी दहा वाजता दारात त्याची मुलगी उभी होती, हातात पेटी. बापासारखीच धापा टाकत होती.

"काका, बाबा गेले. झोपेतच. तुम्हाला कळवायचं राहिलं, माफ करा."

त्याने तिला आत घेतलं. पाणी दिलं. ती नेमकी त्याच खुर्चीत बसली. पेटीत अकरा सुरे होते, एकेक कापडात, चष्मे पुसायच्या.

"गावातलं संग्रहालय घ्यायला तयार आहे," ती म्हणाली. "बाबांच्या नावाची पाटी लावणार आहेत. फक्त कुणा जाणकाराचं पत्र हवं, खरे असल्याचं. बाबा सगळ्यांना सांगायचे, माझा एकेक नग मिस्त्रींच्या पट्टीखालून गेलाय. तुम्ही सही केलीत की झालं."

सूतभरने कापडं सोडून सुरे टेबलावर ओळीने मांडले. सही करणं सोपं होतं. पण संग्रहालयातल्या कुणीतरी उद्या एकाला माप लावलं असतं आणि चष्मेवाल्याच्या नावाचं हसं झालं असतं, तेही पाटीसकट. त्याने शेवटचा, सर्वांत नवा सुरा बाजूला ठेवला.

"हा नकली आहे."

तिने मान हलवली. त्याने दुसरा उचलला. "हाही." मग तिसरा, मग चौथा. दहावा ठेवला तेव्हा ती त्या सुऱ्यांकडे बघतच नव्हती, त्याच्याकडे बघत होती.

"तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"मग बाबांना का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तो यायचा बंद झाला असता." त्याने पट्टी खिशात ठेवली. "माझ्याकडे दुसरं कुणी येत नाही, बाळ."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"काका, बाबांना सुऱ्यांतलं काय कळत होतं?" ती म्हणाली. "शनिवारी संध्याकाळी शर्टाला इस्त्री करून ठेवायचे. हातात काहीतरी नेल्याशिवाय जायला लाजायचे, म्हणून ते सुरे. ते तरीही आले असते."

सात वर्षं सूतभरने ज्या भीतीपायी थापा मारल्या, ती भीतीच खोटी निघाली होती.

टेबलावर एकच सुरा उरला होता, पहिला. मुलीने त्याच्याकडे बोट केलं. "म्हणजे एकही नाही? एकसुद्धा?"

"हा आहे," तो म्हणाला. "हा खरा. पण याला तेल पाजायला हवं. बाकीचे घेऊन जा आणि याच्यासाठी उद्या ये. पत्रही तयार ठेवतो."

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा टेबलावर पितळी मुठीचा सुरा तेल लावून, तिच्याच बापाच्या कापडात गुंडाळून ठेवलेला होता. बापाच्या सुऱ्याकडे तिने कधी नीट पाहिलं नव्हतं, त्यामुळे वेगळं काही तिला जाणवलं नाही. पत्रात लिहिलं होतं, 'ही मूठ मी स्वतः मोजली आहे. माप बरोबर आहे. सुरा अस्सल आहे.' तिन्ही वाक्यं खरी होती. खाली त्याने पूर्ण नाव घालून सही केली होती. ते नाव तिने पहिल्यांदाच वाचलं.

"येईन मी अधूनमधून, काका," दारात ती म्हणाली.

"ये हं," तो म्हणाला. तिचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं, नोकरी होती, दोन मुलं होती. ती येणार नाही हे त्याला माहीत होतं आणि त्यात तिचा काही दोष नव्हता.

दार लावून तो फळीपाशी आला. वरच्या ओळीत मधली जागा रिकामी होती. भट्टीच्या तोंडातून काढलेला, एकोणतीस वर्षं जपलेला त्याचा पहिला सुरा कालपर्यंत तिथे टांगलेला होता. त्याने चष्मेवाल्याचा सुरा घेतला आणि त्या खिळ्यावर अडकवला.

मूठ पांढऱ्या रेघेला टेकत नव्हती. एका अंगाला हिरवी फट राहिली, बरोबर अर्ध्या सुताची. रंगाचा डबा कपाटात होता, ब्रशही होता, रेघ आत घ्यायला पाच मिनिटं पुरली असती. त्याने डबा उघडला, ब्रश बुडवला, फळीपर्यंत नेला. मग ब्रश पुसला आणि डब्याचं झाकण घट्ट बसवलं.

"राहू दे," तो रिकाम्या खुर्चीला म्हणाला. "कमी आहे ते कमीच दिसू दे."