हिरवा म्हणायला लागलेला वेळ

नाना, माझे वडील, इंजिन ड्रायव्हर; आम्ही भुसावळच्या रेल्वे कॉलनीत. सिग्नल दिसला की ड्रायव्हरने त्याचा रंग मोठ्याने म्हणायचा आणि असिस्टंटने तो परत म्हणायचा, असा इंजिनातला नियम. आमचा घरचा खेळही तोच. संध्याकाळी पुलावर उभं राहायचं आणि सिग्नल बदलला की ओरडायचं. नानांच्या आधी ओरडणारा कॉलनीत अजून जन्मायचा होता.

मग एक माणूस त्यांच्या गाडीखाली आला आणि नानांची झोप उडाली. बाजारातल्या डॉक्टरने मन शांत करायच्या गोळ्या दिल्या. झोप आली, आईने देवापुढे साखर ठेवली. आणि गोळ्या सुरू झाल्यापासून खेळात मी जिंकायला लागले! आधी मी घरभर शेफारून मिरवले. मग एकदा सिग्नल सोडून नानांकडेच बघत राहिले. त्यांचे डोळे सिग्नलवरच होते. दिवा हिरवा झाला. नाना बघत होते. बघतच होते. मग म्हणाले, “हिरवा.”

तेवढा वेळ गाडी काय थांबून राहते?

त्यानंतर ते ड्यूटीवर गेले की परत येईपर्यंत मी दारातच बसून राहायचे. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, “अभद्र बोलू नको. आत्ताच डोळे तपासलेत त्यांचे. खालची ओळसुद्धा वाचली.” वाचणारच! तक्त्यावरची अक्षरं पळत नाहीत.

एका सकाळी इंजिनांच्या शेडमधून पॅसेंजर गाडीच्या ड्यूटीचं बोलावणं घेऊन माणूस आला. नाना बूट चढवत होते. मी त्यांच्या ड्यूटीच्या पेटीवर जाऊन बसले आणि रडत म्हणाले, “नाना, तुम्हाला उशिरा दिसतं.” आई हात उगारून धावली. नानांनी तिला अडवलं.

शिरपूरकडची त्यांची बोली घाबरल्यावरच तोंडात यायची. “दिखस माले. पन लाल शे का हिरवा शे, हाई ध्यानमा येवाले येळ लागस.”

म्हणजे रंग कळायला वेळ लागतो हे त्यांना माहीत होतं. ते माझ्याहून जास्त घाबरलेले होते.

“सांगितलं तर इंजिनावरून उतरवतील हो,” आई म्हणाली.

नानांनी दारातल्या माणसाला ‘आजारी’ लिहायला सांगितलं. बूट तसाच हातात धरून ते आईला म्हणाले, “त्या दिन ब्रेक येळवर लावा व्हता, तरी तो मानूस मरी गया. आते ब्रेक उशिरा लागी गया, ते मी माले काय सांगू?”