ताईचा नवा चेहरा

माझ्या मोठ्या बहिणीने ओघळलेले गाल त्वचेखाली दोरे घालून वर ओढून घेतले आणि नाकापासून ओठांपर्यंतच्या खोल रेषा इंजेक्शनांनी भरून घेतल्या. महिन्याभराने भेटायला गेले, तेव्हा चेहरा तुकतुकीत दिसत होता. तिने वर्षभराच्या नातीला मांडीवर घेऊन गुदगुल्या केल्या आणि स्वतःच खळखळून हसली. आवाज ताईचाच होता, चेहरा मात्र जागचा हलला नाही. नात ताईच्या खांद्यावरून मागे पाहू लागली, हसणारं माणूस शोधत.

“अगं सोने, मीच हसले ना!” ताई म्हणाली.

माणूस ओळखायचं ते त्या रेषांवरूनच का? ताईच्या मागे कोणी नाही, हे मला दिसत होतं. तरीही मी उठून पडद्यामागे पाहिलं.