ओगल्सबीबद्दल क्रचरचं मत

वेंडेल क्रचर सिनेमाला जात नाही. पडदा दिसला की त्याचा उजवा हात आपोआप वर जातो आणि मागचे लोक वैतागतात, असं त्याची बायको ओडेसा सांगते.

टोलेडोच्या ग्लासमेन या अमेरिकन फुटबॉल संघात तो गेली एकोणीस वर्षं रनिंग बॅकना शिकवतो आहे. रनिंग बॅक म्हणजे चेंडू पोटाशी धरून समोरच्या गर्दीत घुसणारा गडी. पुढच्या फळीतले पाच दांडगे विरोधी गड्यांना रेटून फट पाडतात आणि हा त्या फटीतून निघतो. क्रचरची पद्धत ठरलेली आहे. सामन्याची फिल्म लावायची, धावणारा फळीपाशी पोहोचला की चित्र थांबवायचं आणि पडद्यावर त्याला तळहाताने झाकून टाकायचं. मग नुसती फट बघायची. इथून कुठलाही बरा माणूस किती यार्ड गेला असता, ते मोठ्याने म्हणायचं. त्यानंतर हात काढून फिल्म सोडायची. म्हटलेल्या आकड्याच्या पुढे जे मिळालं ते धावणाऱ्याचं, बाकीचं फळीचं.

मार्कीस ओगल्सबी आठ हंगाम या तळहाताखाली होता. बहुतेक काळ आकड्याच्या पुढे चार-पाच यार्ड त्याचे स्वतःचे असत. आता तो एकतीस वर्षांचा झाला होता. रनिंग बॅकला प्रत्येक धावेच्या शेवटी कोणीतरी पाडतंच, त्यामुळे या कामात तिशी म्हणजे उतारवय. शहरात मात्र ते कोणी मानायला तयार नव्हतं. लोक त्याच्या क्रमांकाचा शर्ट घालून मयतीलाही जात. गेल्या हंगामातले त्याचे आकडेही वाईट नव्हते. मार्चमध्ये त्याचा करार संपत होता आणि पुन्हा करायचा की नाही, हे ठरायचं होतं.

ग्लासमेनमध्ये ते ठरतं एका लांब टेबलावर. ज्याच्या त्याच्या विभागाचा प्रशिक्षक उभा राहतो आणि करार संपलेल्या आपल्या गड्याबद्दल एकच शब्द बोलतो, ‘ठेवा’ किंवा ‘सोडा’. पण-परंतु चालत नाही आणि कारण कोणी विचारत नाही. खेळाडू घेण्या-सोडण्याचा अधिकार ग्रेगरी हॅवरकॅम्प या माणसाकडे आहे. बैठकीच्या आधीच्या आठवड्यात त्याने क्रचरला जिन्यात गाठलं. संघाच्या मालकीणबाईंना ओगल्सबी हवा होता आणि हॅवरकॅम्पला काहीच ठरवता येत नव्हतं. क्रचर जे म्हणेल ते होईल, आणि तो ‘सोडा’ म्हणाला तर त्याचं नाव बाहेर जाणार नाही, असं त्याने कबूल केलं.

“जाऊ द्या की,” क्रचर म्हणाला. “दगड मारायला घर शोधत फिरावं लागणार नाही. माझं सगळ्यांना माहीत आहे.”

त्या दिवशी त्याच्या मनात ‘ठेवा’च होतं. सगळा हिवाळा तेच होतं. नोव्हेंबरमध्ये त्याने सगळ्या रनिंग बॅकसमोर ओगल्सबीची एक धाव लावून म्हटलं होतं, “धीर बघा या माणसाचा.” या कामात धीरापेक्षा मोठी स्तुती नाही. नवखा गडी चेंडू मिळाल्या मिळाल्या सुसाट सुटतो आणि बंद दारावर आपटतो. जाणता गडी फळीच्या मागे क्षणभर तरंगतो, फट उघडू देतो आणि मग निघतो. ओगल्सबी पहिल्या वर्षी आला तेव्हा क्रचरने त्याचा शर्ट पाठीमागून मुठीत धरून त्याला हे शिकवलं होतं. फट उघडली की मूठ सोडायची. त्या उन्हाळ्यात ओगल्सबीचे तीन शर्ट फाटले.

आता शेवटचं एकदा बघून घ्यावं म्हणून क्रचर गुरुवारी दुपारी फिल्म लावून बसला. पहिल्या काही धावांत हात काढल्यावर ओगल्सबी बरोबर म्हटलेल्या आकड्यावर पडत होता, एक यार्डही पुढे नाही. वयाच्या मानाने तेही चालण्यासारखं होतं. मग नोव्हेंबरमधली ती स्तुतीची धाव आली. क्रचरने ती मागे नेली, पुन्हा लावली, पुन्हा मागे नेली. फट उघडली होती. ओगल्सबीचे खांदे तिकडे वळले होते, डोकं तिकडे होतं, आणि पाय अजून जागेवर होते. तो वाट बघत नव्हता. तो निघाला होता, पाय निघाले नव्हते.

ज्याला त्याने धीर म्हटलं होतं, तो उशीर होता. सगळ्या खोलीसमोर म्हटलं होतं, आणि पोरांनी माना डोलावल्या होत्या.

दुसरी गोष्ट त्यानंतर दिसली. ऑक्टोबरपासून उजवीकडे जायला आखलेले ओगल्सबीचे डाव डावीकडे गेले होते. डाव्या गुडघ्यावर एकदम जोर देऊन उजवीकडे वळायची वेळ त्याच्यावर आलीच नव्हती. आणि डावीकडच्या फटी अशा रुंद होत्या की त्यातून ओडेसाही किराणा सामान घेऊन गेली असती. डाव ऐन वेळी फिरवायचा अधिकार फळीच्या मधल्या गड्याला, सेंटरला असतो. तो एक शब्द ओरडतो आणि सगळे दिशा बदलतात. ग्लासमेनचा सेंटर म्हणजे स्टॅन जॅब्लॉन्स्की.

तो शुक्रवार ईस्टरआधीच्या उपवासातला होता. अशा शुक्रवारी जॅब्लॉन्स्की पोलिश चर्चच्या तळघरातल्या मासे-जेवणाला हटकून असतो. क्रचर बाप्टिस्ट आहे, पण तळलेल्या पर्च माशाच्या बाबतीत तो धर्मभेद मानत नाही. ताट घेऊन तो जॅब्लॉन्स्कीसमोर बसला आणि ऑक्टोबरपासून उजवीकडे काय झालं आहे, असं त्याने विचारलं.

“उजवीकडे ऊन लागतं त्याला,” जॅब्लॉन्स्की म्हणाला. “मासा खा कोच, गार होतोय.”

क्रचरने काटा उचलला नाही. जॅब्लॉन्स्कीने शेजारच्या टेबलाकडे बघून घेतलं आणि आवाज उतरवला.

“आठ वर्षं त्या माणसाने आमच्या चुका झाकल्या. आम्ही तोंडावर पडलो, फट नाही पडली, तरी त्याने चार यार्ड काढले. पेपरात कौतुक आमचं. मग एक हंगाम आम्ही त्याला झाकलं. तुमचं काय गेलं त्यात?”

“तुझ्या डावीकडच्या गड्याचा खांदा गेला.”

“तो काही बोललाय?”

“तो कशाला बोलेल? तुझ्यासारखाच गाढव आहे तो.”

जॅब्लॉन्स्की हसला नाही. हे ओगल्सबीने मागितलं नव्हतं, त्याला कळलेलंसुद्धा नाही, असं त्याने सांगितलं. फळीतले गडी आपापसात ठरवून गप्प राहिले होते. उठताना त्याने एवढंच मागितलं की कोचने ते मार्कीसला सांगू नये.

शनिवारी ओगल्सबी आपण होऊनच आला. कमी पैशात खेळीन, नव्या पोराच्या मागे बसेन, त्याला शिकवेन, फक्त एक वर्ष, असं तो म्हणाला. क्रचरने त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग फिल्म लावली आणि बटण त्याच्या हातात दिलं. हात मात्र स्वतःचाच पडद्यावर ठेवला.

“बोल.”

“आठ,” ओगल्सबी म्हणाला. हात निघाला. आठ.

“सहा.” सहाच.

“हे दार आहे की फाटक? बारा.” तो हसत होता. हात निघाला, आणि पडद्यावरचा ओगल्सबी नऊवर पडला.

त्यानंतर तो हसला नाही. तीन-चार धावा झाल्यावर त्याने चित्र स्वतःच थांबवलं.

“हा डाव उजवीकडचा होता.”

“हो.”

“स्टॅनने फिरवला.”

ओगल्सबीने पुढची धाव लावली, मग त्याच्या पुढची. डावीकडे, डावीकडे. तो खुर्चीत पुढे सरकून बसला होता, पडद्याच्या अगदी जवळ, आणि आता स्वतःकडे बघतच नव्हता. तो फळीतल्या पाचही जणांकडे बघत होता. डावीकडचा गडी खांदा लोंबत असतानाही समोरच्याला धरून उभा होता, ती धाव त्याने दोनदा बघितली.

“सगळ्यांना माहीत होतं?”

“मला नव्हतं. मी धीर म्हणालो.”

ओगल्सबीने बटण टेबलावर ठेवलं. उठून दारापर्यंत गेला आणि तिथे थांबला.

“तरी तुम्ही ‘ठेवा’ म्हणा, कोच.”

“मार्कीस.”

“घरी रेनीटाला सांगितलंय मी, एकच वर्ष. तिनं हो म्हटलंय. तुम्हाला काय जड आहे?”

जे म्हणेन ते तुला आधी सांगेन किंवा नंतर, पण मीच सांगेन, एवढं क्रचर बोलला. ओगल्सबी जिना उतरला. उतरताना त्याने कठडा धरला होता.

मंगळवारी टेबलावर ओगल्सबीचं नाव निघालं तेव्हा क्रचर उभा राहिला. मालकीणबाई त्याच्याकडे बघून जरा हसल्या. तो ‘सोडा’ म्हणाला आणि बसला. रिवाजाप्रमाणे कोणी काही विचारलं नाही. हॅवरकॅम्पने पाण्याचा घोट घेतला आणि पुढचं नाव घेतलं.

करार संपलेल्या गड्याला नकार कळवायची या खेळात पद्धत नाही. त्याला काढायचं नसतंच. करार आपोआप संपलेला असतो. फक्त फोन येत नाही. क्रचर स्वतः चार हंगाम खेळला होता. पाचव्या मार्चमध्ये लायमा गावात, आईच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या फोनखाली तो जूनपर्यंत बसून राहिला. बहिणींना फोनला हात लावू देत नसे. शेवटी आईनेच एका सकाळी त्याच्या हातात डबा दिला आणि काच कारखान्याकडे बोट दाखवलं.

बैठक सुटल्यावर तो थेट ओगल्सबीच्या घरी गेला. रेनीटाने दार उघडलं, त्याचा चेहरा बघितला आणि नवऱ्याला हाक मारून आत निघून गेली. ओगल्सबी पडवीत आला. त्याने क्रचरला बसायला सांगितलं नाही.

“‘सोडा’ म्हणालो,” क्रचर म्हणाला.

ओगल्सबीने मान हलवली. रस्त्यावरून एक मोटार गेली, तिच्यातल्या माणसाने त्याला ओळखून हॉर्न वाजवला, आणि ओगल्सबीने सवयीने हात केला.

“टोलेडो एकटं नाही जगात,” ओगल्सबी म्हणाला.

“दोन संघांतून फोन आले होते मला. तिथल्या कोचचे.”

हे सगळ्यांना माहीत असतं. प्रशिक्षक एकमेकांना फोन करून गड्याबद्दल विचारतात आणि या एका गोष्टीत एकमेकांशी खोटं बोलत नाहीत. एकदा बोललं की पुन्हा कोणी विचारत नाही.

“काय सांगितलंत?”

“चेंडू झेलतो. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवायला आडवा पडतो. संघात असा दुसरा माणूस नाही. उजवीकडे वळत नाही.”

“शेवटचं सांगायलाच हवं होतं?”

“हो.”

ओगल्सबी कठड्याला टेकला. त्याने समोरच्या हिरवळीकडे बघितलं. बर्फ नुकतंच गेलेलं होतं आणि गवत अजून पिवळं होतं.

“म्हणजे फोन येणार नाही.”

“मला नाही वाटत येईल.”

“मग मुलं शाळेतून आली की सांगतो त्यांना,” ओगल्सबी म्हणाला. “त्यांनी दुसऱ्या कुणाकडून ऐकायला नको. तुम्ही जा आता.”

त्या आठवड्यात त्याने खेळ सोडल्याचं जाहीर केलं. वार्ताहरांना त्याने गुडघा एवढंच कारण दिलं आणि नावं घेऊन फळीतल्या पाच जणांचे आभार मानले. क्रचरचं नाव त्यात नव्हतं. ओडेसा आणि रेनीटा एकाच चर्चच्या. रविवारी दोन्ही कुटुंबं अजून त्याच बाकावर बसतात. पूर्वी नवरे शेजारी शेजारी बसत, आता बायका मध्ये बसतात.