लामर्टची शांत कुत्री

"भ्यालेल्या कुत्र्याला कुरवाळलंस, की त्याला भ्यायची सवय लागते," असं लामर्ट होविंग एकदा बायकोला म्हणाला होता. कुत्रा तिच्या पायांशी थरथरत होता आणि तिचा हात त्याच्या कानामागे होता. गेशिनने हात काढून घेतला. ती वाद घालणाऱ्यांतली नव्हती.

लामर्टने जन्मभर दुधाचा टँकर चालवला. पण माळाच्या कडेच्या त्या गावात कोणाचा शिकारी कुत्रा बंदुकीला बुजला, की लोक त्याला लामर्टच्या अंगणात आणून बांधत. लामर्ट आधी जेवणाच्या वेळी पत्रा वाजवायचा, मग लांबून बार काढायचा, मग जवळून. अंगाला हात लावायचा नाही, नावाने पुकारायचं नाही. कुत्री सुरुवातीला दोरी ताणत, केकाटत, भिंतीत शिरू पाहत. मग एके दिवशी ती हलायचीच थांबत. मालक खूश होऊन घरी नेत. लामर्टचा कुत्रा म्हणजे दगड, असं गावात म्हणत.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी गावात दुधाच्या जुन्या कॅनचे बार निघत. कॅनमध्ये कार्बाइडचे खडे आणि घोटभर पाणी घालायचं, झाकण ठोकून बसवायचं आणि बुडाच्या भोकाला पलिता लावायचा, की धमाक्याने झाकण उडे. पहिला बार लामर्टचा, आणि त्याच्या पायाशी त्याचा कुत्रा. ही रीतच पडली होती.

एका वर्षी वसंतात गेशिन गेली. शेवटी शेवटी तिची खाट खिडकीपाशी आणली होती. ती छताकडे बघत पडून असे. काही मागत नसे. घरी येणारी नर्स म्हणाली, जवळ बसा, हात धरा. लामर्ट दारातच उभा राही. हात धरला, तर भिण्यासारखं काही आहे असं तिला वाटेल, असा त्याचा हिशेब. शेजारचा बेरेंड विचारायला आला, की तो सांगे, "शांत आहे."

तिला नेल्यावर त्याने चादर काढली. जिथे तिचे हात असत, तिथे कापड मुठीत धरून चुरगळलेलं होतं, आणि ओलं होतं. हे त्याने कोणाला सांगितलं नाही.

त्या वर्षाचा शेवटचा दिवस आला. त्या सकाळी सगळं गोठून कोरडं पडलं होतं. बेरेंडच्या गोठ्यात माणसं जमली होती; साखर भुरभुरलेले पिठाचे तळलेले गोळे हातोहात संपत होते. लामर्टने आपल्या कुत्र्याला, बीसला, उघड्या दारात ठेवलेल्या कॅनशेजारी बसवलं.

"बघा, पुतळा," बेरेंड म्हणाला. "आमचा सकाळपासून पलंगाखाली आहे. त्याला काढायला बायको गेली, ती पण तिथेच राहिली."

सगळे हसले. तेवढ्यात पलीकडच्या गावातून पहिला धमाका आला. बीसने कानही हलवला नाही.

पलिता घ्यायला लामर्ट वाकला, तेव्हा बीसने पुढचा पंजा जरासा सरकवला. मागे कोरड्या सिमेंटवर ठसा उरला. बोटांसकट, काळा, ओला. लामर्टने आजूबाजूला पाहिलं. कुठे काही सांडलेलं नव्हतं. त्याने पंजा उचलून तळव्याला बोट लावलं. तळवा घामाने भिजला होता. मग त्याने बीसच्या बरगड्यांवर हात ठेवला. डोळ्यांना न दिसणारा एक बारीक कंप आत चालू होता, थांबत नव्हता.

त्याच्या अंगणातून किती तरी कुत्री अशीच दगड होऊन गेली होती. त्याने त्यांचे पंजे कधी पाहिले नव्हते.

"काय रे, काटा रुतला त्याला?" बेरेंडने विचारलं. "शांत आहे ना?"

हाच शब्द त्याने वसंतात रोज उच्चारला होता.

त्याने पलिता बेरेंडच्या हातात दिला. गुडघे टेकून तो खाली बसला आणि बीसच्या कानामागे, गेशिनचा हात असे तिथेच, आपला हात ठेवला. पहिल्यांदा बीस आणखीच ताठरला. लामर्टने हात काढला नाही. हळूहळू कुत्र्याची मान त्या हातावर विसावली, आणि थरथर आता सगळ्यांना दिसू लागली.

कोणी हसलं नाही. बेरेंडने पलिता खाली धरला.

लामर्टने दोरी सोडली, त्या थरथरणाऱ्या कुत्र्याला कवेत उचललं आणि तो गोठ्याबाहेर पडला.