चोचीतली मासोळी

माझे वडील आमच्या शहरात सदरमधल्या एका टॉकीजमध्ये पिक्चरची मशीन चालवणारे ऑपरेटर होते. रविवारी सकाळी तिथे इंग्रजी पिक्चर लागायचा आणि त्याआधी एक छोटं, जुनं अमेरिकन कार्टून. मोठ्या भावाला बाबा खाली हॉलमध्ये खुर्चीवर बसवत. मला मात्र वर केबिनमध्ये, रिळांच्या पत्र्याच्या पेटीवर उभं करत आणि भिंतीतल्या चौकोनी भोकातून बघायला लावत. कार्टून संपलं की मला घरी पिटाळत, कारण पुढे दर रीळ संपलं की दुसरी मशीन चालू करायची असे आणि पायात पोर नको असे. भाऊ पूर्ण पिक्चर बघून येई.

हे मी कधी विसरलो नाही. हिंगण्याच्या कारखान्यांतली जुनी यंत्रं घ्यायची, दुरुस्त करून विकायची, हा धंदा मी एकट्याने उभा केला. भाव करायला बसलो की समोरचा पाणी मागतो. पण दिवाळीला सगळे जमले की मी हीच गोष्ट काढायचो. बाबा चिडत, मी त्यांच्याहून जास्त चिडे आणि वहिनी मधे चिवड्याचं ताट सरकवत.

या उन्हाळ्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय बरेच सुधारले, बोलणं थांबलं ते थांबलंच. डॉक्टर म्हणाले, आवाज आहे, त्यांनी बोलायला हवं. जितके गप्प राहतील तितकं पुढे अवघड. शब्द तोंडातून वाकडा निघतो याची त्यांना लाज वाटत होती. मी गोडीने सांगितलं, ओरडून सांगितलं, एका शब्दाला संत्रा बर्फीचा अख्खा डबा लावला. त्यांनी मान फिरवली. घरात असा माणूस बसलेला, आणि भांडायला कोणी नाही.

माझ्या मुलीला मी ते कार्टून सांगितलं होतं. चोचीखाली पिशवी असलेला एक जाडा पक्षी मासोळी पकडतो, पण ती पिशवीतच ठाण मांडून बसते, गिळूच देत नाही. मुलीने ते इंटरनेटवर शोधून काढलं. भाऊ बाबांना बघायला आला होता, त्या दुपारी तिने ते टीव्हीवर लावलं.

पक्ष्याने पहिलं पाऊल टाकलं आणि मोठा बँड वाजला. पाऊल पडलं की ढोल, मासोळी उडाली की बासरी. मी बघतच राहिलो.

"हे दुसरं आहे," मी म्हणालो. "त्यात ते बोलत."

"कोणी बोलत नाही गा," भाऊ म्हणाला. "नुसता बँड. पहिल्यापासून असंच आहे."

"मासोळी भाव करायची. पक्ष्याले म्हणे, पहिले चोच धू, वास येऊन राहिला."

"हे तुले कोणं सांगितलं?"

मी बाबांकडे पाहिलं. केबिनमध्ये मशीनची घरघर एवढी असे की हॉलमधला आवाज आत येतच नसे. मासोळीचा बारीक आवाज, पक्ष्याचा घोगरा आवाज, सगळं बाबा काढायचे, तेही एका हाताने मशीन सांभाळत. इतकी वर्षं मी तेच चित्राचं बोलणं समजत होतो.

मी टीव्हीचा आवाज बंद केला. चित्र पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि स्वतःच सुरू झालो. "उतर ना वं खाली, काहून अडून बसली?" मुलगी तोंड दाबून हसत होती. मासोळीने चोच आतून ओढून बंद केली तसा मी बारीक आवाजात म्हणालो, "पहिले चोच धू गा."

बाबांचा जबडा हलला. कितीतरी वेळ नुसताच हलला.

"न्...नाही," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे वळलो.

"पयले... हासते. मंग... म्हणते." त्यांनी लाळ पुसली आणि माझ्याकडे रागाने पाहिलं. "तुले... काईच याद नाई."

"मले सगळं याद आहे," मी म्हणालो. "मी पेटीवर उभा राहून पाहिलं. पाय दुखायचे माहे."

"मी काय... बसलो होतो का?"

भाऊ मधेच हळूच म्हणाला, "बाबा, हे मले तं तुम्ही कधी ऐकवलंच नाही."

"तू... खाली होता," बाबा म्हणाले.

भावाने खुर्ची त्यांच्या पलंगाला लावली आणि मुलीला म्हणाला, "पुन्हा लाव वं. आवाज नको."

पक्षी मी झालो. मासोळी बाबांनी घेतली. आधी ती हसली, म्हणजे घशातून नुसती हवा आली, पण हसली. मग चोच, मग वास. एका शब्दाला ते अडले. मी तो पुरवायला गेलो तर चांगल्या हाताची चापट माझ्या मांडीवर बसली. तोपर्यंत पडद्यावरची मासोळी कुठल्या कुठे पोचली होती. मुलीने चित्र थांबवून धरलं, आणि बाबांनी तो शब्द, वाकडा का होईना, स्वतःच पूर्ण केला.