बेकरी कोण बघणार?

सासूबाई आमच्याकडे जर्मनीत, डार्मश्टाटला आल्या आणि तिसऱ्याच आठवड्यात परतीच्या तिकिटाची तारीख अलीकडे आणता येईल का, असं विचारू लागल्या. नवरा आणि मी दिवसभर ऑफिसात, नात शाळेत, आणि खिडकीबाहेर बघावं तर चिटपाखरू नाही. मग खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या जर्मन आजीबाईंनी त्यांना एका दुपारी कॉफीला बोलावलं. एकीला जर्मन येत नव्हतं, दुसरीला मराठी, तरी दोघींचं गूळपीठ जमलं. आजीबाई आमच्या चकल्या कॉफीत बुडवून खायच्या आणि सासूबाईंना तेही चालायचं. तिकिटाचा विषय बंद झाला. ही मैत्री टिकावी म्हणून मी वाट्टेल ते करायला तयार होते.

एका शनिवारी आजीबाईंनी आम्हाला त्यांच्या तरुणपणीचा एक सिनेमा बघायला बोलावलं. सासूबाई, मी आणि माझी आठ वर्षांची लेक, तिघी गेलो. सिनेमा प्रेमाचा आणि विनोदी. डोंगरातल्या गावात एक मुलगी स्वतःच्या हिमतीवर बेकरी चालवते. शहरातला श्रीमंत डॉक्टर पोस्टमनचं सोंग घेऊन तिच्यामागे लागतो. शेवटी लग्न. दुभाष्याचं काम अर्थातच माझ्याकडे.

दहाव्या मिनिटालाच सासूबाई म्हणाल्या, "दिवसभर पीठ मळते, आणि हिच्या एप्रनला एक डाग नाही?"

आजीबाईंनी उत्सुकतेनं माझ्याकडे पाहिलं. "त्यांना तिचे कपडे आवडले," मी म्हणाले.

थोड्या वेळानं, "मेला तासभर खोटं बोलतोय, आणि ही चिडायचं सोडून गाणं म्हणतेय." मी सांगितलं, गाणी गोड आहेत म्हणतात. आजीबाई खूश. खोटं बोलण्यात मी त्या डॉक्टरच्या वरताण निघाले.

शेवटी नायिका डॉक्टरच्या मोटारीत बसून, गावाला हात हलवत शहराकडे निघाली. आजीबाईंनी रुमाल काढला.

"आणि बेकरी कोण बघणार?" सासूबाई म्हणाल्या. "तिला कुणी विचारलं तरी का? बिनडोक सिनेमा."

"शेवट फार आवडला त्यांना," मी म्हणाले.

"नाइन, ममा," म्हणजे "नाही, आई," लेक म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र जर्मनच. एप्रनच्या डागापासून बिनडोकपर्यंत तिनं सगळं जसंच्या तसं आजीबाईंना ऐकवलं. संपलं, म्हटलं, सोमवारपासून पुन्हा तिकीट.

आजीबाईंनी टीव्ही बंद केला. रिमोट टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "गेनाऊ. अगदी बरोबर."

लग्नाआधी त्यांचं टोप्यांचं दुकान होतं. वडील गेल्यावर त्यांनी ते एकटीनं चालवलं. पुढे नवऱ्याच्या नोकरीसाठी ते विकलं आणि त्या या गावात आल्या. "हा सिनेमा नवऱ्याला फार आवडायचा," त्या म्हणाल्या. "शेवट आला की मी दरवेळी रडायची. त्याला वाटायचं, आनंदानं रडते. मी कधी सांगितलं नाही."

मला माझ्या गोडगोड भाषांतराची लाज वाटली. हे मात्र मी एक शब्द न बदलता सासूबाईंना सांगितलं.

"अहो आई, निघूया का?" मी हळूच विचारलं. त्यांनी खुर्ची उचलून आजीबाईंच्या शेजारी नेली आणि तिथे बसल्या.

"तू जा वर, कुकर लाव," त्या मला म्हणाल्या. "पोरीला राहू दे इथे, ती नीट सांगते. आणि हिला म्हणावं, दुकानाचं सांग. पहिल्यापासून."